मढवी मॅडमची तहानलेली चवळी

मढवी मॅडमना कुणी "कशा आहात?" असं विचारलं, तर त्या "बरी आहे" म्हणून पुढे निघून जायच्या नाहीत. आधी आभाळाकडे बघायच्या, मग विचारणाऱ्याच्या चपलांकडे, आणि मग म्हणायच्या, "पोचतंय हो सगळं. फुटत नाहीये." नव्या माणसाला वाटायचं, बाईंच्या पाइपात काहीतरी अडकलंय. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मी नुकताच सोसायटीचा सेक्रेटरी झालो होतो, अंगात उत्साह होता, म्हणून मी प्लंबरला बोलावून घेतलं.

प्लंबर त्यांच्या घरी गेला तो बराच वेळ खाली आलाच नाही. मॅडमनी त्याला चहा पाजला होता, आणि शेंगा येणाऱ्या झाडांच्या पानात नत्र कसं मोकळं होतं ते समजावून सांगितलं होतं. जाताना तो मला म्हणाला, "नळ एकदम ओके हाय साहेब. मॅडमचं तुमी बघा." त्यानंतरची काही वर्षं मी मॅडमचंच बघत होतो.

आमची सोसायटी कोपरखैरण्यात, जुन्या गावठाणाला पाठ लावून उभी आहे. मॅडम त्याच गावठाणातल्या, आगरी घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि म्हाताऱ्या आईला घेऊन आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. आईला त्या 'आये' म्हणायच्या, म्हणून अख्खी सोसायटीही आयेच म्हणायची. आमचं पार्किंग आहे तिथे पूर्वी वडिलांचं शेत होतं, असं मॅडम सांगायच्या. शेजारच्या सोसायटीत हळदीकुंकवाला गेल्या की तिथल्या पार्किंगबद्दलही त्या हेच सांगायच्या. शेत बरंच मोठं असणार.

दिसायला बाई लहानखुऱ्या, पण पर्स प्रवासी बॅगेएवढी. त्या पर्समध्ये एक छोटं पंचिंग मशीन असायचं. ऑफिसात कागदाला भोकं पाडतात तसलंच, फक्त मॅडम त्याने पानांना भोकं पाडायच्या. भाजीवाल्याकडे गेल्या की शेंगेकडे कमी आणि वेलाच्या डहाळीकडे जास्त लक्ष. एखादं पान दिसलं की कचकन भोक पाडून ती हिरवी टिकली डबीत टाकणार, आणि भाजीवाला "ओ ताई!" म्हणून ओरडेपर्यंत पुढच्या गाड्यावर पोचणार. आमच्या वहिनींच्या डोहाळजेवणाला फुलांच्या आराशीत त्यांना घेवड्याचा वेल सापडला होता. फोटोत सगळ्याजणी कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मॅडम वेलाकडे.

त्यांची आणि माझी खरी गाठ पडली ती गच्चीमुळे. वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार आली होती की मढवी मॅडमच्या कुंड्यांमुळे स्लॅब गळणार. अजून गळली नव्हती, पण आमच्याकडे तक्रार आधी येते. मी चेहऱ्यावर सेक्रेटरीपण आणून गच्चीवर गेलो. तिथे चवळीच्या कुंड्या ओळीने लावलेल्या होत्या आणि मॅडम एका कुंडीपुढे उकिडव्या बसल्या होत्या.

"या. गाठी बघायच्यात?" त्या म्हणाल्या आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी एक रोप मुळासकट उपटून माझ्यासमोर धरलं. मुळांना मोहरीएवढ्या गाठी लागल्या होत्या. एक गाठ नखाने फोडली तर आतून लालसर निघाली.

"ह्या आमच्या गावठाणातल्या भाड्याच्या खोल्या," मॅडम म्हणाल्या. "आत जिवाणू राहतात. झाड त्यांना जेवायला घालतं आणि ते हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. पुस्तकात एवढं लिहिलेलं असतं आणि पोरं तेवढ्यावर पास होतात. पण ते नत्र मुळाशी बसून काय कामाचं? पानापर्यंत न्यायला नको? मग चवळी काय करते, त्याचं गाठोडं बांधते. ॲलंटॉइन म्हणतात त्याला. छोटं गाठोडं, आत ठासून नत्र. वाटाणा, हरभरा ही मंडळी वेगळ्या पद्धतीने पाठवतात. चवळी, मूग, उडीद, सोयाबीन, ह्यांचं हे गाठोडं."

"बरं," मी म्हटलं. मला स्लॅबबद्दल बोलायचं होतं.

"गाठोडं पानात पोचलं. पुढे?"

"पुढे काय?"

"हेच! सगळे पोचलं म्हणून खूश होतात. फुटायला नको? पानाला ते एकेक गाठ सोडत उघडावं लागतं. आतलं नत्र अमोनिया होऊन बाहेर येतं, आणि तो अमोनिया तसाच पडून राहिला तर पानालाच बाधतो. म्हणून उघडायचं आणि लगेच कामाला लावायचं. पानाचं खरं शहाणपण त्यात आहे, सेक्रेटरी."

त्यांनी मला कधीही नावाने हाक मारली नाही. मीही स्लॅबबद्दल त्या दिवशी बोललो नाही. खाली आलो तर बायकोने विचारलं, "मग, काय ठरलं?" मी म्हणालो, "पानाला बरंच काम असतं." तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

पोचणं आणि फुटणं ह्या दोन शब्दांवर मॅडमचा सगळा संसार चालायचा. पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा त्याला तासभर उपदेश करून झाल्यावर भावजयीला म्हणाल्या, "पोचवलंय. फुटेल तेव्हा फुटेल." सर्वसाधारण सभेत मी हिशेब वाचून दाखवला की मागून आवाज यायचा, "पोचलं हो सेक्रेटरी, जरा फोडून सांगा." पाठांतर करून पहिल्या आलेल्या मुलीचं कॉलेजात कौतुक चाललं होतं, तेव्हा मॅडमनी तिला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, पान पिवळं पडत नाही ना?" त्या मुलीला काही कळलं नाही, पण ती रडली मात्र. नंतर तीच मुलगी त्यांच्याकडे दर रविवारी यायला लागली.

आणखी एक प्रकार म्हणजे त्यांची बर्फाची पेटी. गच्चीवरची पानं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेईपर्यंत गार ठेवावी लागत, म्हणून मॅडम थर्माकोलची पेटी घेऊन लिफ्टने उतरायच्या. आगरी बाई, हातात बर्फाची पेटी, म्हटल्यावर आत काय असणार ह्याबद्दल कुणाला शंका नव्हती. एका संकष्टीला पहिल्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये कोपऱ्यात सरकून म्हणाल्या, "आज तरी नको होतं हो." मॅडमनी झाकण उघडून दाखवलं. काकूंनी वाकून बघितलं, पानं बघून त्यांचा चेहरा पडला आणि त्या म्हणाल्या, "अय्या, मला वाटलं पापलेट असेल. माझा मुलगा खातो, त्याच्यासाठी विचारणार होते."

आता मुख्य गोष्ट. मढवी मॅडम डॉक्टर नव्हत्या. पीएच.डी.साठी त्यांनी फार पूर्वी नाव घातलं होतं. मग वडिलांचं आजारपण आलं, मग वडील गेले, मग आये घसरून पडली, मग कॉलेजातल्या परीक्षांची कामं, आणि मुदतवाढीवर मुदतवाढ घेत त्या निवृत्तीच्या दारापाशी आल्या. युनिव्हर्सिटीने ह्या वेळी स्पष्ट सांगितलं की ही शेवटची वाढ, पावसाळ्याच्या आत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द.

पदवीच्या मागे एक वेगळीच इच्छा होती, आणि ती त्यांनी कुणापासून लपवली नव्हती. त्यांच्या वडिलांची घरची चवळी होती. भात कापून झाला की जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर ते ती पेरायचे, आणि मिशीला हात लावून सांगायचे की आमच्या चवळीला पाणी लागत नाही. शेत गेलं, वर इमारती आल्या, वडील गेले, आणि त्या चवळीचं राखेत घोळून ठेवलेलं थोडं बियाणं आयेच्या बरणीत तेवढं उरलं. मॅडमना हे तपासून बघायचं होतं. चवळीला तहान लागली की पान गाठोडी फोडायचं थांबवतं. ती पानात साचत जातात, आणि खालच्या गाठीही हळूहळू काम बंद करतात. पण काही वाण तहानेतही फोडत राहतात. बाबांची चवळी त्यातली असेल का? असली, तर बाबांचं म्हणणं खरं होतं, आणि ते शास्त्राच्या पुस्तकात जाणार होतं. बाईंना हवं होतं ते एवढंच, आणि ते फार हवं होतं.

दिवाळीनंतर त्यांनी गच्चीवर प्रयोग मांडला. एका बाजूला बाजारातली चवळी, दुसऱ्या बाजूला घरची. कुंड्यांवर पांढऱ्या रंगाने लिहिलं, 'बाजार' आणि 'बाबा'. जो कोणी कपडे वाळत घालायला गच्चीवर येईल त्याला त्या वडिलांची सगळी कथा सांगायच्या. रोपं चांगली वाढल्यावर त्यांनी पाणी बंद केलं आणि जिन्यात सगळ्यांना ऐकवलं, "आता ह्यांना तहानेनं कासावीस होऊ दे. त्याशिवाय कळणार नाही."

आठवड्याने त्या रोज सकाळी कुंड्या काट्यावर ठेवून वजन करायला लागल्या. बाबांच्या कुंड्या जड भरत होत्या. मॅडम जिना उतरत माझ्याकडे आल्या, दम लागला होता. "बघा सेक्रेटरी! पाणी किती जपून वापरते! बाजारची मरगळली, आणि ही अजून ताठ!" मग पानांच्या टिकल्या बर्फाच्या पेटीतून कॉलेजात गेल्या. तिथे त्या टिकल्या उकळून त्यात औषधं घातली की गुलाबी रंग येतो. न फुटलेली गाठोडी जितकी जास्त, तितका रंग गडद. बाजारच्या चवळीचा रंग डाळिंबाच्या रसासारखा आला. बाबांच्या चवळीचा आला फिकट, अगदी ओठाला लावल्याइतका.

मॅडमनी पेढे आणले. संध्याकाळी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. आयेला खुर्चीत बसवून वर आणलं. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या, पण आधी दोनदा चष्मा पुसावा लागला. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांची चवळी तहानेतही पानात आलेलं फोडत राहते. बाबा खरं बोलत होते." आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर पुढे होऊन हातही मिळवला.

तेवढ्यात जाधववहिनी बोलल्या. जाधव साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या दाणाबाजारात माथाडी. वहिनींचा स्वभाव इतका मायाळू की त्या लिफ्टलासुद्धा "दमली असंल बिचारी" म्हणून जिन्याने जायच्या. त्या पेढा खात म्हणाल्या, "मग! आमी जपलीच तशी."

मॅडम हसत होत्या. हसतच त्यांनी विचारलं, "जपली म्हणजे?"

"म्हंजे सांजच्याला तांब्याभर पानी घालत हुते न्हवं का मी. वडलांचं नाव लिवल्यालं कुंडीवर. ती समूर सुकायला लागली, तर बगवतंय व्हय कुणाला?"

मग चौथ्या मजल्यावरचा निखिल, ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत जाणारा, डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, सॉरी हां... मी पण वर्कआउट झाल्यावर बॉटलमधलं टाकायचो. फक्त बाबांच्या साइडला. ते बाजारवालं नाय."

"बाजारचीला कोन घालनार? ती काय आपली हाय?" जाधववहिनी म्हणाल्या.

मी रागाने सगळ्यांकडे बघत होतो, तेवढ्यात माझ्या शेजारून माझी बायको बारीक आवाजात म्हणाली, "मी डाळ धुतलेलं पाणी घालायची. त्यात सत्त्व असतं ना." लिफ्टवाल्या काकूंनी एकादशीला तीर्थ घातलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच घालतोय, आणि आपण एकट्याने घातलेल्या एवढ्याशा पाण्याने शास्त्राचं काय बिघडणार. शेवटी खुर्चीतून आये म्हणाली, "मना वर येवाला जमत नाय, नायतर मीनी बी घातला असता. बापाची चवली हाय ती."

मला मॅडमचा राग माहीत होता. एकदा बागेतला घेवडा मुळासकट कापला म्हणून त्यांनी माळ्याला जे सुनावलं होतं, ते ऐकून मी खिडकी लावून घेतली होती. त्या संध्याकाळी त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसल्या, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेतला आणि एकामागून एक पेढा खात राहिल्या. बऱ्याच वेळाने मला म्हणाल्या, "काटा सांगत होता हो. कुंड्या जड का भरतायत, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरालाही विचारलं असतं. स्वतःला विचारलं नाही." मला फार वाईट वाटलं. मीही एक पेढा उचलला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे बसलो असताना त्यांच्या पीएच.डी.च्या गाईडचा फोन आला. मॅडम स्पीकर लावूनच बोलायच्या, त्यामुळे तो आम्हा दोघांना ऐकू येत होता. गाईड खूश होते. आलेख फार सुंदर आलाय, म्हणाले, लिहून टाका आणि द्या. मॅडमनी पाण्याची हकीकत सांगितली. पलीकडून आवाज आला, "मॅडम, तांब्याभर पाणी. कोण बघायला येतंय? मुदत बघा."

"सर, पान खरं तेच बोललं," मॅडम म्हणाल्या. "पाणी मिळालं होतं, म्हणून त्याने फोडलं. आता मी त्याच्या नावावर खोटं कसं लिहू?" आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरणीत मूठभर बी उरलंय. मुदत पावसापर्यंत आहे. पुन्हा एकदा होतंय. पण पुन्हा एकदाच."

ह्या वेळी त्यांनी माणसाचा स्वभाव लक्षात घेऊन बेत केला. कुंड्यांवर नाव नाही, फक्त नंबर. कुठली बाबांची आणि कुठली बाजारची, हे खुद्द मॅडमनाही कळता कामा नये, कारण पहिल्या फेरीत सगळ्यात जास्त माया आपणच केली, असं त्यांचं म्हणणं. मग पेरणार कोण? ज्याने आयुष्यात तुळससुद्धा जगवली नाही असा एकच माणूस सोसायटीत होता. मॅडम गच्चीच्या दाराबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या आणि ओरडून सूचना देत राहिल्या, "बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा! दाबू नका!" मी घामाघूम होऊन पेरलं. घरच्या बियांच्या कुंड्यांना तळाशी लाल दोरा, बाजारच्यांना पिवळा, आणि कुठला कशाचा ते फक्त माझ्या डोक्यात. बायकोने दोन दिवस मला गोडाधोडाचं जेवायला घातलं, तरी मी फुटलो नाही.

रोपं वाढेपर्यंत उन्हाळा लागला. पाणी बंद झालं. गच्चीची किल्ली माझ्याकडे. आता तहान खरी होती. चारपाच दिवसांत पानं खाली वळली. कपडे वाळत घालायला मी दार उघडलं की बायका खाली मान घालून जायच्या आणि तशाच परत यायच्या. जाधववहिनींनी तर पापड खाली पार्किंगमध्ये वाळत घातले. "मला न्हाई बगवत," म्हणाल्या, "आन् हात माजा ऐकत न्हाई." निखिल रोज जिन्यात विचारायचा, "अजून किती दिवस? लय टेन्शन येतंय यार." आमच्या सोसायटीत एवढी एकी मी पाण्याचा टँकर आला तेव्हाही बघितली नव्हती.

एका संध्याकाळी आयेने हट्ट धरला. जाधव आणि निखिल तिला खुर्चीसकट वर घेऊन आले. आयेने सगळ्या कुंड्यांवरून नजर फिरवली आणि काठीने एक दाखवली. "ही. ही तुज्या बापाची. बग कशी मान ताट हाय." मग जवळ जाऊन त्या रोपाच्या पानावरून हात फिरवला आणि पुटपुटली, "दम धर. पोरीचा काम हाय." ती कुंडी बाजारच्या चवळीची होती. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघायला लागलो.

मॅडम स्वतः दिवसातून एकदा यायच्या, वजनं घ्यायच्या, भोकं पाडायच्या. काम झालं की दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून त्या कुंड्यांपुढे उभ्या राहायच्या. मी विचारलं, "हात का बांधलेत?" तर म्हणाल्या, "नळ इथेच आहे ना."

शेवटच्या टिकल्या घेतल्या त्या रविवारी मला त्यांनी प्रयोगशाळेत नेलं. कुंड्यांच्या नंबरांप्रमाणे नळ्या ओळीने लावलेल्या होत्या. औषधं घातली, आणि नळ्यांमध्ये रंग चढायला लागला. तो चढता चढता सगळ्या नळ्या गडद गुलाबी झाल्या. मॅडमनी यंत्रावर एकेक नळी मोजली, आकडे मांडले, मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सांगा."

मी लाल दोऱ्याच्या, म्हणजे बाबांच्या कुंड्यांचे नंबर सांगितले.

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितले. त्यांनी आकड्यांवर बोट फिरवलं, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने. फरक नव्हता. बाबांच्या चवळीनेही तहान लागल्यावर फोडायचं थांबवलं होतं, बाजारच्या चवळीसारखंच. मला खरंच वाटलं, की पेरताना माझ्याच हातून काही घोटाळा झाला असता तर बरं होतं. मी तसं म्हणालोसुद्धा. "नाही हो," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पेरलंत छान. गाठी बघा ना केवढ्या धरल्या होत्या."

घरी आल्यावर त्या आयेसमोर खाली बसल्या आणि सांगितलं, की बाबांची चवळी इतर चवळ्यांसारखीच निघाली, काही वेगळी नाही. मी दारातच उभा होतो. आये सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "तुजा बाप तरी कुटं येगला व्हता? चार लोकांसारकाच व्हता. आपल्याना आवडायचा गो, म्हनून येगला."

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी आयेच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी हळूच दार ओढून घेतलं आणि गच्चीची किल्ली जाधववहिनींना दिली. पाच मिनिटांत जिन्यात बादल्यांचा आवाज सुरू झाला. त्या दिवशी स्लॅब खरोखर गळली.

प्रबंध मुदतीच्या आत गेला. उत्तर 'नाही' असलं तरी ते उत्तर होतं, आणि गाईडनीही शेवटी ते मान्य केलं. आता मॅडम निवृत्त झाल्या आहेत. आयेला घेऊन नावड्याला भावाकडे राहायला गेल्या, तिथे अंगण आहे म्हणून. अधूनमधून फोन येतो, पण मला त्या दिसतात त्या तोंडी परीक्षेच्या दिवशीच्या.

ती परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, हे मॅडमनी चुकून सांगितलं होतं. सोसायटी झाडून गेली. जाधवांनी बाजारात खाडा केला. वहिनी ठेवणीतली नऊवारी नेसल्या. आम्ही मागच्या दोन रांगा भरून बसलो, आणि पुढचं सगळं इंग्रजीत चाललेलं असूनही प्रत्येक उत्तराला माना डोलावल्या. मॅडम सुती साडीत, फळ्याजवळ, हातात काठी. परगावहून आलेले परीक्षक वयस्कर होते, सौम्य बोलत होते. त्यांनी प्रबंधातलं एक पान उघडलं आणि मग मराठीतच विचारलं, "मॅडम, ही पहिली फेरी. इतका सुरेख निकाल आला होता तुम्हाला. तो तुम्ही छापलाय, आणि खाली लिहिलंय, ग्राह्य धरू नये. का?"

"त्या झाडांना पाणी मिळालं होतं, सर."

"पाणी बंद केलं होतंत ना? मग कोणी घातलं?"

मागच्या दोन रांगांमध्ये सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. माझी बायको पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. जाधववहिनींनी पदर तोंडावर घेतला. मॅडमनी वळून आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे, शेवटच्या खुर्चीपर्यंत. मग परीक्षकांकडे वळून त्या म्हणाल्या,

"घरच्यांनी, सर."